अठरा फुटांचा उतार

खड्डा खणून झाला होता. घराच्या उजव्या भिंतीला लागून, गेटपासून मागच्या कंपाउंडपर्यंत लांबच लांब. काठावर दगड, खडी आणि सळ्यांचा भारा येऊन पडला होता. पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर साहेबराव औटे बसले होते आणि त्यांच्या हातात महापालिकेची काम थांबवायची नोटीस होती.

"ताई, तेवढी परवानगी काढून द्या," ते म्हणाले. "काम अडलंय."

"काका, परवानगी काम सुरू करायच्या आधी काढतात."

"ते राह्यलं. आता काढा."

मी आर्किटेक्ट आहे. छत्रपती संभाजीनगरात अठ्ठावीस वर्षं घरांचे नकाशे काढते आणि ते मंजूर करून घेते. बंगले थोडे, वाढीव खोल्या जास्त. सून येते, नातवंडं होतात, भाड्याला एक खोली हवी असते, आणि मग माणूस माझ्याकडं येतो. बहुतेक जण खड्डा खणायच्या आधी येतात. औटे काका नंतर आले.

ते मूळचे गंगापूर तालुक्यातले. शेती भावाकडं. स्वतः वाळूजच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूमला फिटर होते. गारखेड्यात तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर त्यांनी हे घर बांधलं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम, मधून जिना. चांगलं, मजबूत घर. अडचण एकच होती. त्यांची मुलगी वैशाली आता जिना चढू शकणार नव्हती.

वैशाली करमाडच्या शाळेत गणित शिकवायची. जालना रोडवर तिच्या स्कूटीला मागून एका टेम्पोनं धडक दिली. जीव वाचला, पण कमरेखालची हालचाल गेली. वय एकोणतीस. मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा ती पुण्याच्या एका पुनर्वसन केंद्रात होती. व्हीलचेअरवर बसून जगण्याचं शिक्षण घेत होती. चार महिन्यांनी ती घरी येणार होती आणि खालच्या मजल्यावर तिच्यासाठी खोली नव्हती.

काकांनी बापाच्या घाईनं ठरवलं आणि राजू गुत्तेदाराला बोलावलं. आमच्याकडं कॉन्ट्रॅक्टरला गुत्तेदारच म्हणतात. राजूनं घराभोवती एक चक्कर मारली आणि उजवीकडची सहा फुटांची बोळ दाखवली. "इथं टाकू. तीन बाजूनं भिंती आयत्या हायेत."

ही बोळ म्हणजे मार्जिन. प्लॉटच्या हद्दीपासून घर काही अंतर सोडून बांधावं लागतं. ते अंतर मोकळं ठेवतात, कारण शेजाऱ्याला उजेड-वारा मिळतो, ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत हात पोचतो, आग लागली तर माणूस आत जाऊ शकतो. जागा तुमची, सातबारा किंवा खरेदीखत तुमचं, पण तिथं बांधायचं नाही.

शेजारी कुलकर्णी राहत होते. जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालेले वरिष्ठ लिपिक. त्यांच्या झोपायच्या खोलीची एकच खिडकी, ती या बोळीकडं उघडणारी. खड्डा पाहिल्यावर त्यांनी आधी काकांना तोंडी सांगितलं. मग सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली. मग नोटीस आली.

"अख्ख्या गल्लीत कोणी मार्जिन सोडलंय?" काका म्हणाले. "माझ्याच पोरीची खोली दिसली त्यांना. बावीस वर्षांचा शेजार. आता त्यांच्या तोंडाकडं बघायची इच्छा नाय."

राजू मध्ये पडला. "मॅडम, बांधून टाकू. नंतर दंड भरून रेग्युलर करता येतं. सगळे करतात."

"सगळंच रेग्युलर होत नाही, राजू. आणि झालं नाही तर भिंत पडेल तेव्हा ती मुलगी त्या खोलीत असेल."

काकांना पटलं नव्हतं. नियम सांगून ते पटणारही नव्हतं. त्यांच्या नजरेत नियम म्हणजे कुलकर्णी झाले होते. म्हणून मी नियमाचा विषय सोडला आणि पिशवीतून टेप आणि खडू काढला.

"काका, हॉलमधला सोफा जरा सरकवा."

फरशीवर मी दोन समांतर रेघा मारल्या. बोळ सहा फुटांची, त्यातून बाहेरच्या नऊ इंची भिंतीची जाडी गेली. उरले सव्वापाच फूट. आत तीन फुटांचा पलंग काढला. पलंग आणि भिंतीमध्ये राहिले सव्वादोन फूट.

"व्हीलचेअर जागच्या जागी वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं," मी म्हणाले आणि ते वर्तुळ काढलं. अर्धं पलंगावर गेलं. "वैशाली या खोलीत सरळ आत येईल आणि तशीच उलटी बाहेर जाईल. वळणार नाही. बाथरूमचं दार तर अजून काढलंच नाही मी."

काकांनी माझ्या हातातून टेप घेतला. गुडघ्यावर बसून त्यांनी सगळी मापं पुन्हा घेतली. चौतीस वर्षं ज्या माणसानं केसाएवढ्या फरकावर काम केलं, त्याला माप समजावून सांगावं लागत नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"फुटाफुटाचा घोटाळा हाय की हा," काका शेवटी म्हणाले. मग दाराकडं वळून, "राजू, खड्डा बुजव."

खड्डा बुजवल्याचे फोटो जोडून आम्ही नोटिशीला उत्तर दिलं. काम खोदाईपुरतंच झालं होतं, त्यामुळं तो विषय तिथं मिटला.

आता खोली कुठं काढायची? मी घराचा जुना मंजूर नकाशा मागितला. काकूंनी तो कपाटातून काढून दिला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, इन्शुरन्सच्या कागदांबरोबर. घराच्या मागं सोळा फूट जागा मोकळी होती. नियमानं तिथं पाच फूट सोडले तरी अकरा फूट हाती लागत होते. एफएसआयसुद्धा शिल्लक होता. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानानं एकूण किती बांधता येतं त्याचा हिशेब. काकांनी त्यातलं बरंच कधी वापरलंच नव्हतं.

"मग मागं का नाही धरलं?" मी राजूला विचारलं.

"मागं जमिनीत पाण्याची टाकी हाय मॅडम. ती हलवायची म्हंजे आठ दिवस जातात."

आठ दिवस वाचवायला मुलीला बोळीत कोंडायला निघाले होते. टाकी पुढं पोर्चखाली न्यायचं ठरलं. मागं अकरा बाय चौदाची खोली आणि शेजारी बाथरूम, दार सरकतं, तीन फुटांचं. बाथरूममध्येही चेअर वळेल इतकी जागा ठेवली. मी एका संध्याकाळी नकाशा काढला. माझ्या मते तो उत्तम होता.

काकांना परवानगीच्या खर्चाची धास्ती होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की खोलीपेक्षा कागद महाग पडतो. मी कागदावर मांडून दाखवलं. छाननीचं शुल्क, विकास शुल्क, बांधकाम कामगारांसाठीचा उपकर आणि एक ठेव, जी काम नीट झाल्यावर परत मिळते. एफएसआय शिल्लक असल्यामुळं प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाची किंमत, भरायची नव्हती. सगळं मिळून बाथरूमच्या टाइल्स आणि नळांना जेवढं लागणार होतं, त्याच्या आसपास.

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच. आणि पावती मिळते."

अर्ज ऑनलाइन भरला. पुण्याला वैशालीला नकाशाचा फोटो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल केला. मला वाटलं होतं ती आभार मानेल. तिनं वही-पेन घेतलं होतं.

"मॅडम, पलंगाची उंची किती धरलीय?"

"दीड फूट."

"माझ्या चेअरची सीट एकोणीस इंच आहे. पलंग तेवढाच पाहिजे, म्हणजे मी स्वतः सरकू शकते." तिनं लिहून घेतलं, मीही लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, "आणि मी गेटपासून आत कशी येणार?"

मी नकाशाकडं पाहिलं. गेट, पोर्च, तीन पायऱ्या, हॉल, स्वयंपाकघर, खोली. पायऱ्या तीन. पायरी सहा इंचांची.

"पुढं पायऱ्यांवर एक छोटा उतार..." मी सुरुवात केली.

"गेट ते पायरी अंतर किती आहे?"

"दहा फूट."

"दीड फूट चढायला दहा फूट? मॅडम, इथं आम्हाला एकास बाराचा उतार शिकवलाय, एक फूट चढायला बारा फूट. अठरा फूट लागतील." तिनं पेन खाली ठेवलं. "इथं पहिल्या महिन्यात मला दिवसातून सहा वेळा कुणीतरी उचलायचं. आता नाही उचलत. घरी आल्यावर बाबा उचलतील, त्यांना वाटेल ते प्रेम आहे. त्यांची कंबर किती वर्षं टिकेल? मला शाळेत परत जायचंय. रोज दोनदा कुणी उचलणार असेल तर मी नाही जाणार."

मी बाकीचं काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर मात्र मला माझी लाज वाटली, हे आठवतं. फरशीवर वर्तुळ काढून मी एका बापाला शहाणपण शिकवलं होतं, आणि स्वतः एक सुंदर खोली काढली होती जिथं त्या मुलीला स्वतः पोचता येत नव्हतं.

अठरा फूट सरळ लांबी त्या प्लॉटवर एकाच ठिकाणी होती. उजवीकडच्या बोळीत.

मी नवीन नकाशा काढला. बोळीतून चार फूट रुंदीचा रॅम्प, वर छप्पर नाही, शेजारच्या बाजूला भिंत नाही, फक्त कठडा. तो मागं वैशालीच्या खोलीच्या बाहेरच्या दारापाशी संपणार. म्हणजे तिला घरात यायला हॉल, स्वयंपाकघर, पाहुणे, काहीच ओलांडावं लागणार नव्हतं. तिचं स्वतःचं दार.

हा सुधारित नकाशा घेऊन मी नगररचना विभागात गेले. फाइल एका तरुण कनिष्ठ अभियंत्याकडं होती. त्यानं नकाशा पाहिला, जुनी तक्रार पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, याच जागेची तक्रार होती. याच जागेत तुम्ही परत बांधकाम दाखवताय."

"खोली नाही. रॅम्प आहे."

"मार्जिन म्हणजे मार्जिन."

त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. आदल्या रविवारी मी नियमावली पुन्हा पहिल्यापासून वाचली होती. दिव्यांग व्यक्तीसाठीच्या सोयींची तरतूद मी बॅगेतून काढली, पानावर खूण केलेली होती, आणि त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं, ओळीखाली बोट धरून.

"घरगुती केसमध्ये हे माझ्याकडं आलं नव्हतं कधी," तो म्हणाला.

"माझ्याकडंही नव्हतं."

"वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. आणि मी जागा पाहीन. उरलेली बोळ मोकळी राहते का, ते बघितल्याशिवाय वर पाठवणार नाही."

"बघाच," मी म्हणाले.

तो गुरुवारी आला. टेप लावला, मापं लिहिली. काका बाजूला हात बांधून उभे. तेवढ्यात शेजारच्या खिडकीचा पडदा सरकला आणि पाच मिनिटांत कुलकर्णी स्वतः गेटपाशी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. काकांनी मान फिरवली.

"मी तक्रारदार," कुलकर्णी अभियंत्याला म्हणाले. "मला कागद पाहायचा अधिकार आहे असं मी समजतो."

मी त्यांना नकाशा दिला. त्यांनी चष्मा पुसून तो नीट वाचला, खालच्या टिपांसकट.

"हे वैशालीसाठी?"

"हो. तिला स्वतःला ये-जा करता यावी म्हणून."

"माझी हरकत खोलीला होती. उताराला नाही." मग त्यांनी नकाशावर एका जागी बोट ठेवलं. "पण तुमचा उतार या चेंबरवरून जातो. दोन्ही घरांची लाइन इथंच मिळते. पावसाळ्यात ती तुंबली की आम्ही दोघं मिळून ती उघडतो. बावीस वर्षं उघडतोय. यापुढं कुठून उघडायची?"

अभियंता माझ्याकडं बघू लागला. मी नकाशाकडं. चेंबर मी पाहिलं होतं, पण ते रॅम्पच्या पट्ट्यात येतं हे लक्षात घेतलं नव्हतं. एकाच कामात माझी दुसरी चूक.

"जाळी," काका म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलले. "लोखंडी जाळी बसवायची त्या जागी. दोन तुकड्यात, बिजागरीवर. चेअर वरून जाईल. उघडायची तवा उचलायची. मी बनवतो." ते अभियंत्याकडं बघून बोलत होते, पण उत्तर कुलकर्णींना होतं.

"जाळीच्या फटी चाकापेक्षा बारीक पाहिजेत," कुलकर्णी म्हणाले.

"फिटर हाय मी," काका म्हणाले. "ठावं हाय मला."

दुसऱ्या दिवशी कुलकर्णींनी तक्रार मागं घेतल्याचं पत्र माझ्या ऑफिसात आणून दिलं. कोर्टातली भाषा, समास सोडलेला, आणि एक अट: जाळी दोन्ही बाजूंच्या रहिवाशांना उघडता आली पाहिजे. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'सदर उताराने कु. वैशाली हिला स्वतंत्र प्रवेश मिळणार असल्याने अर्जदारास शुभेच्छा.' सरकारी कामाच्या पत्रात शुभेच्छा मी पहिल्यांदाच वाचल्या. ते पत्र मी फाइलला तसंच जोडलं.

परवानगी मिळाली. पहिल्या अर्जापासून सव्वा महिना लागला. कुणी काही मागितलं नाही, मी काही दिलं नाही. प्रत्येक रुपयाची पावती काकांकडं आहे.

राजूनं काम मनापासून केलं, हे सांगायला हवं. पण रॅम्पचा वरचा शेवट त्यानं नजरेनं ओतला. दिसायला छान. काकांनी लेव्हल लावून बघितली. शेवटच्या पाच फुटांत उतार एकास नऊ निघाला.

"काका, एवढ्यानं काय होतंय," राजू म्हणाला. "पब्लिकला कळत बी नाय."

"पब्लिक नाय चढणार. वैशाली चढणारे. फोड."

राजूनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "फोड." नवीन काँक्रीट फोडणं गुत्तेदाराला किती जिवावर येतं ते मला माहीत आहे. त्यानं फोडलं, आणि पुन्हा ओतताना दर दोन फुटांवर दोरी लावली. आता तो दुसऱ्या साइटवर हा उतार स्वतःच्या नावावर सांगतो. सांगू दे. त्याचाच आहे.

वैशाली ऑक्टोबरच्या एका दुपारी घरी आली. मला काकूंनी मुद्दाम बोलावलं होतं. गाडी गेटपाशी थांबली. सीट आणि चेअरमध्ये फळी टाकून ती स्वतः सरकत चेअरवर आली, कपाळावर घाम. काका नकळत पुढं झाले आणि चेअरच्या मुठी धरल्या.

"बाबा, मागं व्हा," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, वर्गात सांगतात तसं.

काकांनी हात काढले. ते कुठं ठेवावे हे त्यांना कळेना, मग त्यांनी खिशात घातले.

ती निघाली. चाकाला एक रेटा, मग दुसरा. जाळीवरून जाताना खडखड झाली, चेअर अडली नाही. मध्ये एकदा थांबून तिनं श्वास घेतला. खिडकीत कुलकर्णी पती-पत्नी उभे होते. काकू पदर तोंडाशी धरून बोळीच्या तोंडाशी. मी अठ्ठावीस वर्षांत बरीच मोठी घरं उभी केली आहेत, त्यातली दोन-तीन लोक थांबून बघतात. पण अठरा फूट काँक्रीटकडं बघताना ऊर भरून आला, तो त्याच दुपारी.

ती वर पोचली, दार सरकवलं आणि तिथंच थांबली. पुढची चाकं उंबऱ्याला अडली होती. अर्धा इंच. राजूनं पाणी आत येऊ नये म्हणून सवयीनं उंबरा ठेवला होता आणि मी, काका, अभियंता, कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. तिनं चेअर जराशी मागं घेतली, पुढची चाकं उचलली आणि आत गेली. मग वळून म्हणाली, "मॅडम, हा उंबरा."

"उद्या निघेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो निघाला. त्या जागी पाण्यासाठी बारीक चर काढला. पुढच्या महिन्यात भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणं झालंय आणि राहायला हरकत नाही असा कागद. काकांनी तो लॅमिनेट करून हॉलमध्ये लावला. वैशाली नव्या वर्षात शाळेत रुजू झाली. मुख्याध्यापकांनी तिचा वर्ग खालच्या मजल्यावर आणला. शाळेच्या पायऱ्यांचं माप घ्यायला तिनं मला करमाडला बोलावलं. मी गेले, फी घेतली नाही.

या कामातून मी शिकले ते थोडक्यात सांगते. खोली काढायला मला एक संध्याकाळ लागली होती. खोलीपर्यंतचा रस्ता काढायला सव्वा महिना लागला, दोन चुका झाल्या, आणि त्या दोन्ही दुसऱ्यांनी दाखवल्या, एक मुलीनं आणि एक तक्रारदारानं. आता वाढीव खोलीसाठी कुणी आलं की मी प्लॉटचे कागद नंतर मागते. आधी विचारते, त्या खोलीत कोण राहणार, आणि त्यांचा नंबर द्या.